आईविना पिल्लू आजारी पडलं: दवाखाना कधी गाठायचा, खर्च किती येतो

आईविना सापडलेलं मांजराचं पिल्लू चार आठवड्यांच्या आतलं असेल, तर ते हाताबाहेर जायला एक रात्र पुरते. संध्याकाळी नीट दूध प्यायलेलं पिल्लू पहाटे मान टाकून पडलेलं असतं. म्हणून खूण ओळखून वेळेवर निघणं हीच यातली सगळ्यांत मोठी बचत आहे, जिवाची आणि पैशाचीही. खाली दिलेले दर मुंबई-पुण्याच्या खासगी दवाखान्यांतले ढोबळ आकडे आहेत. लहान शहरांत ते कमी पडतात, महागड्या उपनगरांत जास्त. निघण्यापूर्वी फोन करून विचाराच.

रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा

पिल्लाचं अंग आणि तोंडाचा आतला भाग गार लागतोय. हलवलं तरी ते मलूल पडून आहे, मान सावरत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय किंवा प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जातंय. झटके येताहेत. उलट्या आणि जुलाब एकदमच सुरू झालेत, किंवा शीमध्ये रक्त आहे. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

ओरडणारं पिल्लू पाहून जीव कासावीस होतो, पण ते बहुतेक वेळा भुकेलेलं नाहीतर गारठलेलं असतं. खरी काळजी करा ती आधी ओरडत असलेलं पिल्लू ऊब आणि दूध न मिळताच गप्प झालं तर. बाकीची भावंडं एकमेकांना बिलगून झोपलेली असताना एकटं बाजूला पडलेलं पिल्लूही आधी हातात घेऊन बघा.

त्याच दिवशी दाखवायच्या खुणा वेगळ्या. लागोपाठ दोन वेळा दूध नाकारलं. २४ तासांत वजन वाढलं नाही. दूध पिताना नाकातून आलं. डोळे चिपडांनी चिकटले आहेत आणि बंद पापणीखाली सूज आहे. पातळ शी दोन-तीनदा झाली. पोट टणक फुगलंय. लघवी गडद पिवळी होतेय, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. बेंबीजवळ लाली किंवा पू आहे. ही यादी फ्रिजवर लावून ठेवा, कारण थकलेल्या माणसाला पहाटे काही आठवत नाही.

निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटं

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. अंगाचं तापमान ९५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की आतड्यांचं काम थांबतं. दूध पोटात तसंच राहतं किंवा श्वासनलिकेत जातं, आणि मदत म्हणून पाजलेलं तेच दूध जिवावर बेततं. आधी ऊब द्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, बाटली जाड टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या. हेअर ड्रायर, उघडा बल्ब किंवा गरम पाण्यात बुडवणं नको. ऊब हळूहळू चढली पाहिजे.

पिल्लू मलूल असेल तर चिमूटभर साखर किंवा ग्लुकोज पावडर थेंबभर कोमट पाण्यात विरघळवा आणि बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका. वाटेतही दर काही मिनिटांनी चोळत राहा. हा उपाय फक्त दवाखान्यापर्यंतचा वेळ मिळवून देतो.

तापमान मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात अलगद, टोकापुरताच घाला. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००, आणि चार आठवड्यांनंतर १०० ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. वय ओळखणं सोपं आहे: डोळे मिटलेले असतील तर पहिला आठवडा, साधारण सात ते चौदा दिवसांत ते उघडतात, पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात दिसतात.

घरातलं सामान आणि एक वही

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ३०० ते ६०० रुपये. थर्मामीटर १०० ते २५०. शेकायची रबरी पिशवी २०० ते ४००. एक-दोन मिलीच्या सिरिंज पाच-दहा रुपयांना एक, निपल असलेली बाटली १५० ते ३००. मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दूध पावडर हा यातला मोठा खर्च, डब्याला ८०० ते १,८०० रुपये. तो वाचवायला गायी-म्हशीचं दूध देऊ नका. जुलाब लागतात आणि जुलाबाचं बिल डब्यापेक्षा मोठं येतं. कुठे हात आखडायचाच असेल तर बाटलीवर आखडा, वजनकाट्यावर नाही. दुखणं डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर दिसतं.

जन्मतः पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं. नंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. रोज एकाच वेळी, दूध पाजण्यापूर्वी तोला. वहीत वजन, किती मिली दूध घेतलं, शी कशी, शू झाली की नाही, एवढंच लिहा. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून शी-शू करत नाही. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा शी-शूच्या जागी हलकेच फिरवावा लागतो. ते माहीत नसल्यामुळे पोट फुगलेली पिल्लं दवाखान्यात येतात. पाजताना पिल्लू पालथंच ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही.

कुठे न्यायचं, काय सोबत घ्यायचं

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथल्या दवाखान्यांत खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. मात्र रांग असते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा ठरलेल्या असतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं, पण औषधं बहुधा गुराढोरांच्या हिशेबाने ठेवलेली असतात. तपासून घ्या, चिठ्ठी घ्या, औषध बाहेरून आणा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गुरांसाठीच्या फिरत्या पथकांचा आहे. खेड्यात असाल तर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर थांबून राहू नका.

भटक्या पिल्लासाठी मालकीचा कागद लागत नाही. तुमचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर दिला की केसपेपर निघतो. ओळखपत्र जवळ ठेवा. वही, आधी दिलेल्या औषधाचं पाकीट, ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत, आणि उलटी किंवा श्वास कसा चाललाय याचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात पोचल्यावर घाबरलेलं पिल्लू वेगळंच वागतं, म्हणून व्हिडिओ फार उपयोगी पडतो. पिल्लू खोक्यात, बाटलीच्या उबेसह न्या. रिक्षात वारा लागू देऊ नका.

फोनवर इतकं विचारा: मांजर बघणारे डॉक्टर आत्ता आहेत का, तपासणीचे किती, रात्रीचा जादा आकार किती, पार्व्हो या आजाराच्या (त्याबद्दल खाली) तपासणीचं किट आहे का, दाखल करावं लागलं तर आगाऊ किती भरायचे.

बिलात काय काय येतं

दिवसा तपासणी ३०० ते ८०० रुपये. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी १,००० ते २,०००. कातडीखाली सलाईन २०० ते ५००. शीची तपासणी १५० ते ४००, रक्ताची साधी तपासणी ४०० ते ८००. पार्व्होची किट तपासणी ८०० ते १,५००. वाफारा एका वेळेस १५० ते ३००. जंताचं औषध ५० ते १५०. दाखल केलं तर दिवसाला १,००० ते ३,०००. डॉक्टर घरी आले तर ८०० ते १,५००.

फसगत होते ती तपासणीच्या फीमध्ये नाही, तिच्याभोवतीच्या ओळींमध्ये. दाखल करण्याचे १,५०० सांगितले, तर त्यात सलाईन, सुई, इंजेक्शनं आणि रात्री बघणारा माणूस धरलाय का, ते विचारा. अनेक ठिकाणी हे सगळं वेगळं लावतात. रात्री दवाखान्यात खरंच कोणी जागं असतं का, हेही विचारा. नुसतं कुलूप लावून जाणार असतील तर दर दोन-तीन तासांनी पाजावं लागणारं पिल्लू घरी तुमच्याजवळच बरं. फेरतपासणीची फी किती दिवस लागत नाही ते केसपेपरवर लिहून घ्या. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ महागडी इंजेक्शनं सुचवली तर कशासाठी, न दिल्यास काय होईल, असं सरळ विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. चार भावंडं असतील तर प्रत्येकाची फी वेगळी की एकत्र, ते आधी ठरवा. भटक्या पिल्लांना सवलत बरेच डॉक्टर देतात, पण मागितल्याशिवाय ती क्वचित मिळते. दाखल करताना सही मागतात तो कागद पूर्ण वाचा आणि रोजचं बिल रोज व्हॉट्सअॅपवर मागा.

सगळ्यांत महाग आजार

डॉक्टर ज्याला पॅनल्यूक म्हणतात तो मांजरांचा पार्व्हो. कुत्र्याच्या पार्व्होचा हा भाऊबंद, म्हणून बऱ्याच ठिकाणी तपासणी कुत्र्यांच्याच किटवर होते आणि ते चालतं. पण तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाहीच, असं धरू नका. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान ठेवून बसतं, पण पीत नाही. ताप येतो, उलट्या होतात, मग जुलाब लागतात, आणि शेवटी अंग गार पडतं. एकेक तास मोलाचा असतो. विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं औषध, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक आणि ऊब, एवढ्यावर लढायचं. पहिले चार-पाच दिवस निभावले तर आशा वाढते. चार-पाच दिवस दाखल ठेवलं तर खर्च सहज १०,००० च्या पुढे जातो. इतकं शक्य नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कातडीखाली सलाईन कसं द्यायचं हे शिकवून रोज फक्त तपासायला बोलावणारे डॉक्टर आहेत. खर्च निम्म्याहून कमी होतो, धोका मात्र वाढतो. आणि पिल्लू वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तर दयामरणाबद्दल विचारायला संकोच करू नका.

हा विषाणू घरात वर्षभर तग धरतो. डेटॉल, फिनाईलने मरत नाही आणि दोन्ही मांजरांना विषारी आहेत. फरशी आधी धुवा, मग एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या, पुन्हा धुवा. घरी मांजर असेल तर नवं पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि कपडेही वेगळे, आणि मांजराची लस राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. लशीचे ८०० ते १,२०० रुपये या आजारापुढे काहीच नाहीत.

सर्दीही हलक्यात घेऊ नका. नाक चोंदलं की पिल्लाला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही. पिसवांनी तर लहान पिल्लाचं रक्त इतकं शोषलं जातं की हिरड्या पांढऱ्या पडतात. बारीक फणी, कोमट पाणी आणि लगेच कोरडं करणं, एवढंच घरी करा.

हे शॉर्टकट जीव घेतात

पॅरासिटामॉलचा एक थेंबही नको, मांजराला ते विष आहे. कुत्र्यांचं पिसवांचं औषध नको, त्यात परमेथ्रिन असेल तर पिल्लू झटक्यांनी जातं. मेडिकलवाल्याने दिलेलं माणसांचं जुलाबाचं औषध, मागच्या पिल्लाचं उरलेलं प्रतिजैविक, अंगाला रॉकेल, जखमेत टर्पेंटाईन, काहीच नको. जखमेत अळ्या पडल्या असतील तर थेट दवाखाना. फोटो पाहून डोस सांगणाऱ्यावर विसंबू नका. शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला मात्रा थेंबात मोजावी लागते आणि ती वजन करूनच ठरते.

पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पिल्लू लहान आहे म्हणून ती टाळू नका.

आणि आज, पिल्लू खेळतंय-पितंय तेव्हाच, रात्री मांजर बघणाऱ्या दोन दवाखान्यांना फोन करा, दर विचारा आणि नंबर मोबाईलमध्ये साठवा.