किडकी गिलकी उकिरड्यावर फेकू नका

शहादा परिसरात जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावलेले गिलके, दोडका, काकडी, कारले आता तोड्याला आले आहे. गोमाईकाठच्या वस्त्यांपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत घरामागचे मांडव भरले आहेत आणि घरोघरून तक्रार एकच येते आहे. फळ वरून हिरवेगार, कापले की आत आळ्या. कुठे बोटभर फळच वाकडे होते, पिवळे पडते आणि गळून जाते. हे काम फळमाशीचे आहे. आळे कसे करावे, शेणखत किती घालावे, पाणी केव्हा द्यावे हे परसबाग करणाऱ्या घरांना सांगण्याची गरज नाही. या पंधरवड्यात लक्ष द्यायचे ते या एका माशीकडे, कारण हातचा तोडा तीच नेते आहे.

माशी घरमाशीएवढीच, पण रंगाने तांबूस पिवळी. पारदर्शक पंखांवर तपकिरी पट्टे असतात. मादी कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी खुपसून आत अंडी घालते. डंखाच्या जागी आधी डिंकासारखा थेंब येतो, मग तो वाळून तपकिरी ठिपका उरतो. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि पांढुरक्या आळ्या गर खाऊ लागतात. असे फळ चिरून ताटात ठेवले, तर पुरती वाढलेली आळी अंगाचे कडे करून टुणकन उडी मारते. वाढ पुरी झाली की ती फळातून बाहेर पडते, मातीत दोन-चार इंचांवर कोषात जाते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून दोन-तीन आठवड्यांत नवी माशी तयार होते. एका किडक्या गिलक्यात अशा कितीतरी आळ्या असतात.

मात्र गळणारे प्रत्येक फळ माशीचे नसते. टोकाकडून पिवळे पडत सुकणाऱ्या कोवळ्या फळावर डंखाचा ठिपका नसेल, तर परागीकरण झालेले नाही असे समजावे. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, काकडी-कारल्याचे सकाळी. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवले की काम होते. ऊन वाढले की वेलाला नर फुले जास्त येतात, तेव्हा त्यांची वाण पडत नाही. इथे ठिपका न पाहताच औषधाची बाटली काढली जाते, त्यात मधमाश्या मरतात, परागीकरण आणखी घटते, फळे आणखी गळतात आणि घरमालक आणखी फवारतो. हे चक्र तालुक्यात अनेक घरी पाहायला मिळते आणि ते थांबायला हवे.

आता सगळ्यात मोठ्या चुकीकडे. किडके फळ हाती आले की बहुतेक घरांत ते मांडवाच्या कडेला किंवा उकिरड्यावर भिरकावले जाते. उकिरड्याची ओलसर, भुसभुशीत जागा आळीला कोषात जायला शेतातल्या मातीपेक्षाही सोयीची असते. म्हणजे ज्या माश्यांवर फवारणीचा खर्च होतो, त्या माश्या त्याच घरात पैदा होतात. तापीकाठच्या एका गावात दोन शेजारी मांडव होते. एका घरी औषधांचा मारा चालू असूनही टोपलीत निम्मी फळे किडकी निघत होती, दुसऱ्या घरी फवारणी जवळपास नव्हतीच आणि फळ चांगले होते. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. पहिल्या घराच्या मोरीमागे किडक्या गिलक्यांचा ढीग पडला होता. दुसऱ्या घरची म्हातारी रोज सकाळी खाली पडलेले फळ वेचून खड्ड्यात टाकत होती.

खड्डा दोन फूट खोल असावा. किडकी फळे टाकून त्यावर माती घट्ट दाबावी. दोन बोटे माती लोटून उपयोग नाही, त्यातून माशी सहज वर येते. खड्डा खणायला जागा नसेल, तर फळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि पिशवी काही दिवस कडक उन्हात ठेवावी. शहाद्याच्या उन्हात आतल्या आळ्या भाजून मरतात. हे काम रोजचे आहे. आठवड्याने वेचलेली फळे रिकामी असतात, आळ्या आधीच मातीत उतरलेल्या असतात.

ज्या वेलाखाली फळे गळून पडली आहेत, तिथली वरची माती भर दुपारी खुरप्याने हलकी हलवावी. मुळे तुटतील इतके खोल जाऊ नये. उघडे पडलेले कोष ऊन आणि मुंग्या संपवतात. घरी कोंबड्या असतील आणि वेल मांडवावर चढलेले असतील, तर तासभर कोंबड्या आत सोडाव्यात. आळ्यात उसाचे पाचट अंथरण्याची इथली पद्धत ओलावा धरायला उत्तम आहे, पण कीड दिसू लागल्यावर पाचट आधी बाजूला सारून माती हलवावी आणि मगच पुन्हा पसरावे.

फवारणीबाबत कडक बोलणे भाग आहे. आळी फळाच्या गरात असते, तिथे वरून मारलेले औषध तिला गाठत नाही. तरीही कपाशीवरची उरलेली बाटली घरच्या काकडीवर रिकामी करण्याची सवय सुटत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापराला केंद्र सरकारने 2005 सालीच बंदी घातली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते शेतात, मोकळ्या हवेत. परसबागेतली काकडी तर पोरे वेलावरून तोडून न धुता तोंडात घालतात. संध्याकाळी फवारून सकाळी तोडलेली भाजी घरात शिजवणे हा गुन्हाच मानायला हवा.

राख उधळणे, ताक शिंपडणे, मांडवाला लिंबू-मिरची टांगणे यांनी माशी हटत नाही. या उपायांचा खरा तोटा असा की त्यांच्या भरवशावर हातचे आठ-दहा दिवस जातात. गंधकाची भुकटी तर काकडीवर्गीय वेलांच्या पानांना कडक उन्हात सरळ जाळते. पाच टक्के निंबोळी अर्काने माशीचे अंडी घालणे काही प्रमाणात कमी होते, तेवढ्यासाठी तो संध्याकाळी जरूर फवारावा. फळात शिरलेल्या आळीचे तो काही करत नाही.

सापळ्याच्या बाबतीतही गल्लत होते. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे गंध वापरतात. कोकणात रुळलेला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यासाठीच. वेलावरची फळमाशी वेगळी, तिला क्यू ल्युअर लागते. दुकानदाराने हातात ठेवले म्हणून मिथाईल युजेनॉलची वडी गिलक्याच्या मांडवात टांगली, तर शेजारच्या आंब्याच्या माश्या सापडतात, सापळा भरलेला दिसतो आणि गिलकी मात्र किडतच राहतात. खरेदी करताना क्यू ल्युअर हे नाव वाचूनच घ्यावे. परसबागेला एक-दोन सापळे पुरतात. वडी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलावी. सापळ्यात फक्त नर अडकतात, ही गोष्टही पक्की लक्षात ठेवावी. शेजारून फळलेली मादी उडून आली तर सापळा तिला रोखत नाही.

तिला रोखते ती कागदाची पिशवी. फूल गळून फळ बोटाएवढे झाले की वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाची पिशवी चढवून देठाशी दोऱ्याने सैल बांधावी. कारल्या-काकडीला हा उपाय फार चांगला लागू पडतो. शंभर एकरांत हे जमणार नाही, पण घरच्या चार वेलांना घरातली मुलेसुद्धा हे करू शकतात. बियाण्यासाठी राखलेले फळ तर पिशवीशिवाय ठेवूच नये, कारण महिनाभर वेलावर लटकणारे ते फळ माशीचे हक्काचे घर बनते.

शहाद्याला ही माशी जास्त त्रास देते त्यामागे इथली पीकपद्धतीही आहे. कडक, कोरड्या उन्हात माशीची संख्या एरवी आटते. पण भोवती केळी, ऊस आणि पपईचे ओलिताचे मळे असले, तर दिवसाचा बराच वेळ ती त्या सावलीत बसते आणि अंडी घालायला मांडवावर येते. मक्याच्या व एरंडीच्या पानांखाली तिला सकाळी बसलेली पाहता येते. त्यामुळे एकट्या घराचा बंदोबस्त अपुरा पडतो. जपानच्या ओकिनावा बेटांवर हीच माशी इतकी माजली होती की तिथली फळे-भाज्या मुख्य जपानात पाठवायला बंदी होती. सरकारने 1970च्या दशकात कुमे बेटापासून वांझ केलेले नर सोडायला सुरुवात केली, बेट धरून बेट पुढे गेले आणि 1993 साली तिथून ती माशी संपवली. वांझ नर सोडणे गावाच्या आवाक्यातले नाही, पण सलग भाग धरून काम करणे गावाच्या हातात आहे.

तोडणीबद्दल थोडेच. गिलके आणि काकडी या उन्हात एका दिवसात निबर होते. फळ जितके जास्त दिवस वेलावर, तितके ते माशीच्या तावडीत. म्हणून एक दिवसाआड, ऊन चढण्याआधी, कोवळेच तोडावे. तोडलेली भाजी सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवावी. डंखाची शंका असलेले फळ बाजूला काढून चिरून पाहावे आणि आळी निघाली तर ते थेट खड्ड्यात जावे.

नंदुरबारसारख्या आकांक्षित जिल्ह्यात परसबाग हौसेपुरती नाही. उमेद अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेत बचत गटांच्या महिलांनी लावलेल्या वेलांवर अनेक घरांतल्या लेकरांची रोजची भाजी अवलंबून आहे. या गटांनीच पुढाकार घ्यावा. एका पाड्यातल्या, एका गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी पडलेली फळे वेचावीत, सगळ्यांसाठी एक सामाईक खड्डा खणावा आणि क्यू ल्युअरचे सापळे एकाच आठवड्यात टांगावेत. आखाजीला लेकी माहेरी येतील, तोवर नव्या फळाला माशी उरू नये यासाठी हे काम याच आठवड्यात सुरू करा.