आधी अट विचार, मग दाद दे

भाचीबाई, सोसायटीच्या गणपतीत कलाप्रदर्शनाची परीक्षक म्हणून तुझं नाव घातलंय आणि 'मामा, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही' म्हणून तू हात वर केलेस. यादी वाचली मी. ओरिगामी आहे, मोबाइलवर एडिट केलेले फोटो आहेत, रांगोळ्या आहेत, वारलीच्या फ्रेमा आहेत. हे सगळं शेजारी शेजारी मांडलं की भलेभले गोंधळतात आणि ज्यात मेहनत जास्त दिसते त्याला पहिला नंबर देऊन मोकळे होतात. माझं आयुष्य फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, लोकांच्या सुरकुत्या पेन्सिलीने घालवण्यात गेलं. त्या कामातून आणि पुढे प्रदर्शनं हिंडताना बघण्याबद्दल जे हाती लागलं, ते तुला देतो.

पहिलं मिनिट बोलायचं नाही

चित्रासमोर उभं राहिलं की तोंडातून लगेच 'छान', 'मस्त' निघतं. एकदा ते निघालं की डोळे काम थांबवतात. म्हणून आधी जे दिसतंय त्याची मनातल्या मनात यादी कर. उजेड कुठून आलाय, सगळ्यात गडद जागा कोणती, नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे सरकली. खालची चिठ्ठी शेवटी वाच. 'इयत्ता तिसरी' वाचलं की कौतुक आपोआप वाढतं, कला महाविद्यालयाचं नाव वाचलं की आदर. दोन्हींचा चित्राशी संबंध नसतो.

प्रत्येक कामाची अट शोध

बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस. कोणताही कलाकार आधी स्वतःला कशाने तरी बांधून घेतो. ओरिगामीवाला म्हणतो, एकच चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही. वारलीत गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि आकार म्हणजे त्रिकोण, वर्तुळ, रेघ. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी पडतात, रेषेला त्यांच्यातूनच वाट काढावी लागते. मथुरेच्या सांझीत मात्र सगळी करामत कात्रीची, तिथे कागद कापूनच चित्र उभं राहतं. तेव्हा घडीच्या कामात कोरीव जाळी शोधणं किंवा वारलीत छायाप्रकाश मागणं म्हणजे पुरणपोळीला फोडणी का दिली नाही, असं विचारणं.

प्रत्येक कामापुढे दोनच प्रश्न विचार. यानं काय करायचं नाही असं ठरवलं होतं? आणि तेवढ्यात काय साधलं? मग ओरिगामी आणि फोटो एकाच यादीत असले तरी तुला अडचण येणार नाही. तुलना करायची ती ज्याची त्याच्या अटीशी.

घडीचं काम जवळून बघ, मग स्वतः करून बघ

ओरिगामीत आधी टोकं बघ. चोच, शेपटी, पंखाचं टोक ही सहसा कागदाच्या कोपऱ्यांतून किंवा कडांतून निघतात. प्रत्येक टोक कागद खातं. साध्या करकोच्याला डोकं, शेपटी आणि दोन पंख अशी चार टोकं लागतात, चौकोनाला कोपरेही चारच. त्यामुळे तो सुखाने बसतो. सहा पाय आणि मिशा असलेला भुंगा करायचा म्हटलं की कोपरे संपतात. मग मधल्या कागदातून टोकं काढावी लागतात, थर वाढतात आणि कागद जाड होऊन फुगतो. रॉबर्ट लँग हा अमेरिकन लेझर-भौतिकशास्त्रज्ञ नोकरी सोडून 2001 पासून पूर्णवेळ ओरिगामीत आहे. कोणत्या अवयवाला चौकोनातली किती जागा द्यायची, याचं त्याने गणितच मांडलं. प्रत्येक अवयवाला कागदावर एकेक वर्तुळ देऊन ती वर्तुळं चौकोनात दाटीने बसवायची, अशी ती रीत. त्यासाठी 'ट्रीमेकर' नावाचा संगणक प्रोग्रामही लिहिला.

पण पाय जास्त म्हणून मार्क जास्त, असं करू नकोस. जपानच्या अकिरा योशिझावांनी (1911–2005) कागद किंचित ओला करून घडी घालायची पद्धत रुजवली. जाड कागद ओलसर असताना वळवला की वाळल्यावर तो तसाच राहतो, आणि कागदाला पाठीचा, गालाचा गोलवा येतो. त्यांच्या कामात मोजक्या घड्यांतही प्राणी आता उठेल असा बसलेला असतो. तेव्हा घड्या मोजण्याआधी प्राणी कसा उभा आहे ते बघ.

घडीची धार एकसारखी आहे का, टोकाशी कडा नीट जुळल्यात का, कागदाची दुसरी, पांढरी बाजू जिथे दिसते तिथे ती मुद्दाम दाखवलीय की चुकून उघडी पडलीय, हेही बघ. पांडाचं पांढरं पोट आणि काळे पाय एकाच कागदाच्या दोन बाजूंतून काढले असतील, तर थांबून दाद दे.

आणि विचार, 'रचना कोणाची?' ठिपक्या-रेघांच्या आणि बाणांच्या आकृत्या बघून जगभर कोणीही तोच प्राणी घडवू शकतो. ती चिन्हांची पद्धत योशिझावांनीच रूढ केली, 1954 सालच्या पुस्तकातून. दुसऱ्याची रचना नेटकी घडवणं हे गाणं नीट गाण्याइतकंच मोठं काम आहे, पण ते चाल बांधणं नव्हे. दोन्हींना मान द्यायचा, वेगवेगळा.

आदल्या रात्री एक करकोचा स्वतः घडव आणि मग तो हळूच उलगड. सपाट बसणाऱ्या कोणत्याही घडीकामात कागदाच्या आतल्या बिंदूशी जमणाऱ्या घड्या मोज. काही वर उठलेल्या, काही खाली दबलेल्या. दोन्हींच्या संख्येत फरक नेहमी दोनचाच. हा ओरिगामीकार माएकावांचा सिद्धांत. तो पाठ करायची गरज नाही. पण हाताने एकदा मोजलंस की घडीतल्या शिस्तीचं नवल तुला समजावून सांगावं लागणार नाही.

फोटोच्या चारही कडांवरून नजर फिरव

फोटोत सगळे मधे बघतात. तू कडांवरून फिर. कोपऱ्यात कोणाचा अर्धा हात आलाय का, डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का, क्षितिज कलंडलंय का. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणतो; फोटोवाल्यासमोर सगळं आधीच हजर असतं आणि त्याला नको ते बाहेर ठेवायचं असतं. त्याची निवड कडांवर कळते.

मग डोळे अर्धवट मिटून बघ. रंग विझतात आणि उजेड-अंधाराचे ठोकळे उरतात. ते ठोकळे नीट बसले असतील तर फोटो उभा राहतो. हीच युक्ती रांगोळीला आणि चित्रालाही चालते.

'हे तर एडिट केलेलं आहे' असं म्हणू नकोस

हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. आमच्या काळात काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, त्यावर रिटचिंगचं औषध चोळून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने सुरकुतीवर बारीक बारीक ठिपके द्यायचो. निगेटिव्हवर तेवढी जागा दाट झाली की प्रिंटवर ती उजळ येते आणि सुरकुती मावळते. लग्न ठरवायला निघालेल्या किती फोटोंवर अशी पेन्सिल फिरली असेल! डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचा, आकाशाला जादा उजेड देऊन ते काळवंडवायचं. तुझ्या फोटोशॉपमधल्या 'डॉज' आणि 'बर्न' या टूलांची चित्रं बघ. काडीवरची चकती आणि वळवलेला हात, दोन्ही आमच्या अंधाऱ्या खोलीतून आलेली. फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं. काम त्याच्या कितीतरी आधीचं.

1857 मध्ये छायाचित्रकार ऑस्कर रेलँडरने तीसपेक्षा जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठं दृश्य रचलं होतं. छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्सचं 1941 सालचं 'मूनराइज, हर्नांडेझ' घे. निगेटिव्ह एकच, पण त्याने वर्षानुवर्षं त्याचे प्रिंट काढले, आणि नंतरच्या प्रिंटांत चंद्रावरचं आकाश जवळजवळ काळंभोर झालं. आपल्याकडे कलाकार विवान सुंदरम यांनी 'री-टेक ऑफ अमृता' या मालिकेत आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे जुने फोटो संगणकावर एकमेकांत गुंफले. वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत आली. त्यांची मावशी, चित्रकार अमृता शेरगिल स्वतःच्याच दुसऱ्या रूपाशेजारी दिसते. यात फसवणूक कुठेच नाही, कारण हे रचलेलं आहे हे उघड आहे.

म्हणजे प्रश्न एडिटिंगचा नसतो, वचनाचा असतो. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत मावावेत म्हणून संगणकावर जवळ सरकवले आणि त्यावरून वादळ उठलं. तेच पिरॅमिड कुणी कल्पनाचित्रात ढगांवर तरंगवले असते, तर कोणी हूं की चूं केलं नसतं. बातमीचा फोटो 'हे असंच होतं' असं वचन देतो. कल्पनेचा फोटो देत नाही. स्पर्धकाने कोणतं वचन दिलंय ते विचार, आणि तेवढंच तपास.

तपासायचं ते असं. सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडल्यात का? दोन माणसं वेगवेगळ्या फोटोंतून आणली असतील तर डोळ्यांतला उजेडाचा ठिपका वेगळ्या बाजूला असतो. केसांची कड कापल्यासारखी दिसते का? डोंगराच्या कडेने पांढरी प्रभावळ उमटलीय का? ती कॉन्ट्रास्ट फार ओढल्याची खूण. कातडीवर एकही छिद्र नसेल तर हात जास्त फिरलाय. आम्हाला उस्ताद सांगायचे, सुरकुती घालव, वय घालवू नकोस. मोबाइलच्या फिल्टरलाही हाच न्याय लाव. एआयने बनवलेलं चित्र आलं तर आयोजकांना सांगून त्याचा गट वेगळा करून घे. त्यात हीन काही नाही, अट वेगळी आहे इतकंच.

रांगोळी आणि वारली, दोन्हींना वेळ दे

व्यक्तिचित्राची रांगोळी जवळ जाऊन बघ आणि मग चार पावलं मागे ये. जवळून नुसती पूड, लांबून गालावरचा उजेड. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळताना काढणारी ओणवी असते आणि तिला मागे जायची सोय नसते. चुकीचा रंग पडला तर खोडरबर नाही. पूड उचलावी लागते.

वारलीला 'लहान मुलांसारखं' म्हणू नकोस. लग्नाच्या भिंतीवर सुवासिनींनी काढायच्या चौकापासून ही कला आलीय. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी ती कागदावर आणि जगभर नेली. एवढ्याशा त्रिकोणांनी त्यांनी माणसांची गर्दी हलती ठेवली. वारलीची परीक्षा तीच. तारपा वाद्याभोवतीची माणसं नाचतायत की नुसती रांगेत उभी आहेत? कुडत्यावर छापलेला नाच आणि खरा नाच यांतला फरक गुडघ्याच्या वाकात सापडतो.

बोलताना बोट एका जागेवर ठेव

पोरांना 'सुंदर' म्हटलं की ती खूश होतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. 'ही मान अशी वळवलीस म्हणून पक्षी मागे बघतोय' असं म्हटलंस तर ते पोर ती मान पुन्हा तशी वळवेल. 'हे काय आहे?' असं विचारू नकोस. नाही ओळखलं म्हणून ते खट्टू होतं. 'याबद्दल सांग' म्हण. आणि मोठा असो वा लहान, प्रत्येकाला विचार, 'सगळ्यात अवघड जागा कोणती होती?' उत्तर देताना ते बोट ठेवतील तिथे पुन्हा बघ. बहुतेक वेळा तिथे तू मघाशी नुसती नजर फिरवून पुढे गेलेली असतेस.

आईवडिलांनी हात लावलेली कामं ओळखू येतील. आरडाओरडा करू नकोस. मुलाला तीच घडी समोर घालायला सांग, हसत हसत.

डोळे तयार ठेव

हे प्रदर्शन झाल्यावरही बघणं सुरू ठेव. पडद्यावर सगळंच तळहाताएवढं होतं, म्हणून मूळ कामापर्यंत जा. सातारा जिल्ह्यात औंधला 1938 पासून श्री भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं बघ, आणि मग कोणाच्या देवघरातली जुनी छापील लक्ष्मी. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला म्हणून त्याच्या देवी घराघरांत गेल्या. मूळ चित्रात ब्रशचा फटकारा बघायचा, छापील चित्रात एकावर एक बसलेले रंग. एकच चित्रकार, पण अटी दोन.

परीक्षकाच्या कागदावर आकड्यांचे रकाने असतील, ते भर. पण प्रत्येक नावापुढे एकेक ओळही लिही. अट काय होती आणि त्यातून काय साधलं. निकालानंतर कोणी हटकलंच तर ती ओळ वाचून दाखव. आणि पहिलं बक्षीस कोणाला दिलंस हे मला फोनवर सांगू नकोस. का दिलंस, ते सांग.