शेतीच्या नोंदी आणि खात्यातील पैसा सांभाळा : संगणक व मोबाईलच्या सुरक्षित वापराची प्राथमिक माहिती

आज शेतीची बरीच कामे संगणक आणि मोबाईलवर होऊ लागली आहेत. सातबारा उतारा पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे, औषध दुकानदाराचे पैसे देणे ही कामे घरबसल्या होतात. अनेक बागायतदार खते, फवारण्या, मजुरी आणि विक्रीचा हिशेबही संगणकावर ठेवतात. निर्यातीसाठी द्राक्षबाग लावणाऱ्यास तर कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेस फवारले आणि काढणीपूर्वी किती दिवस सोडले, याची नोंद दाखवावीच लागते. ती नोंद हरवली तर माल चांगला असूनही तसे सिद्ध करता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांभाळावयाच्या आहेत. पहिली म्हणजे आपली माहिती आणि दुसरी म्हणजे आपल्या खात्यातील पैसा. त्यासाठी संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. काही साध्या सवयी अंगी बाणविल्यास बहुतेक नुकसान टळते. त्या सवयी कोणत्या व त्यामागील कारणे काय, हे या लेखात दिले आहे.

१. नोंदींच्या प्रती ठेवणे

संगणकातील हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो. बियाणे जसे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही, तसेच माहितीचेही आहे. यासाठी तीन-दोन-एक हा नियम सोपा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. उदाहरणार्थ, एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास सोयीचा आहे, परंतु वर्षानुवर्षे साठवणीसाठी त्यावर एकट्यावर विसंबू नये.

प्रत काढून झाल्यावर हार्ड डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर संगणकात शिरलेला व्हायरस त्या प्रतीचीही नासाडी करतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत काही उपयोगाची नसते.

फायलींना नावे देताना सुरुवातीस वर्ष, नंतर महिना व दिवस आणि शेवटी विषय लिहावा. जसे, २०२५-०६-१५-डाळिंब-फवारणी. अशी नावे दिल्यास सर्व फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि हवी ती नोंद लगेच सापडते.

२. वीज आणि धूळ

ग्रामीण भागात वीज अचानक जाते, दाबही कमी-जास्त होतो. टेबलावरील संगणकास यूपीएस अवश्य बसवावा आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. यूपीएस हा काम चालू ठेवण्यासाठी नसून काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यास वेळ मिळावा यासाठी असतो. लिहिताना दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबण्याची सवय ठेवावी. विजांचा कडकडाट सुरू होताच संगणकाचा प्लग भिंतीपासून काढावा. इंटरनेटची तार तांब्याची असल्यास तीही काढावी. खते व कीटकनाशकांच्या खोलीत संगणक ठेवू नये.

३. पासवर्ड म्हणजे घराचे कुलूप

चार आकडी पिनच्या १० हजार जोड्या होतात. परंतु पिन म्हणून जन्मसाल ठेवले तर शोधणाऱ्यास शंभराच्या आतच जोड्या तपासाव्या लागतात. गाडीचा क्रमांक, मुलाचे नाव, गट क्रमांक हेही सहज ओळखता येतात. म्हणून ते टाळावेत.

चांगला पासवर्ड लांब असतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. जसे, विहीर, चष्मा, सोमवार, फणस. हे उदाहरण मात्र जसेच्या तसे वापरू नये. असे शब्द आपल्या लक्षात राहतात, पण दुसऱ्यास ओळखणे फार कठीण असते.

बँक, ई-मेल आणि इतर ठिकाणी निरनिराळे पासवर्ड असावेत. एका ठिकाणचा पासवर्ड फुटला की चोर तोच पासवर्ड सर्वत्र लावून पाहतो. त्यातही ई-मेलचा पासवर्ड सर्वांत बळकट असावा, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. पासवर्ड वहीत लिहून कुलूपबंद कपाटात ठेवण्यास हरकत नाही. तो मोबाईलच्या मागे चिकटवू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये. ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणीची सोय असते, ती चालू करून घ्यावी.

४. संगणक अद्ययावत ठेवणे

अपडेट करा अशी सूचना आली की अनेक जण ती पुढे ढकलतात. याची किंमत २०१७ मध्ये जगाने मोजली. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा प्रोग्रॅम पसरला. त्याने सुमारे १५० देशांतील लाखो संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती बसविली होती, त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

विंडोज ७ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला नेहमी मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपल्या संगणकावर अशी जुनी आवृत्ती असल्यास जाणकाराकडून ती बदलून घ्यावी. ते शक्य नसेल तर त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज १० व ११ मध्ये व्हायरसपासून संरक्षण देणारा डिफेंडर हा प्रोग्रॅम मुळातच असतो. तो बंद करू नये. स्वस्तात मिळणारे चोरीचे सॉफ्टवेअर घेऊ नये, कारण त्यासोबत काय येईल याची खात्री नसते.

५. अनोळखी फाईल, अनोळखी दुवा

सध्या शेतकऱ्यांची फसवणूक होण्याची ही एक वाट आहे. व्हॉट्सॲपवर पीएम किसान, वाहनाचा दंड, वीजबिल किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात. ती कागद नसून ॲप असते. ते बसविताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. आपण ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी आपल्याबरोबर चोरालाही मिळतो. ही फाईल ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनही येते, कारण त्याचा मोबाईल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून पाठविणारा कोण आहे यापेक्षा काय पाठविले आहे, हे पाहावे.

पिशवीवरील लेबल तपासल्याशिवाय आपण बियाणे घेत नाही. तीच दक्षता येथेही घ्यावी.

• ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यावे व तेथेही ते कोणी तयार केले आहे हे पाहावे. अनुदानाचा हप्ता मिळण्यासाठी व्हॉट्सॲपवर आलेली कोणतीही एपीके फाईल बसवावी लागत नाही.

• शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सहसा गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन याने संपतो. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा. पत्त्याच्या सुरुवातीस किसान किंवा गव्ह हे शब्द कोणीही घालू शकतो, शेवट मात्र खोटा करता येत नाही.

• पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे पक्के समजावे. मालाची आगाऊ रक्कम पाठवितो असे सांगून कोणी कोड स्कॅन करावयास लावल्यास नकार द्यावा.

• बँकेतून बोलतो असे सांगून कोणी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप घेण्यास सांगितल्यास फोन बंद करावा. त्यातून आपला पडदा समोरच्याला दिसतो.

• संगणकावर फाईलच्या नावाचा शेवट पुष्कळदा झाकलेला असतो. फाईल एक्सप्लोररमधील व्ह्यू या यादीत फाईल नेम एक्स्टेन्शन्स ही खूण चालू करावी. बिल म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी ईएक्सई असेल तर ती उघडू नये.

६. सेवा केंद्रात काम करताना

अर्ज भरण्यासाठी आपण गावातील सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथे आधार, पासबुक आणि सातबाराच्या प्रती संगणकात राहून जातात. काम झाल्यावर त्या आपल्यासमोर पुसून घ्याव्यात व रीसायकल बिनही रिकामी करावयास सांगावी. आपल्या खात्यातून लॉग आउट करावे. ओटीपी सांगण्यापूर्वी मोबाईलवरील संदेश पूर्ण वाचावा. ओटीपी कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेले असते. जेथे चालत असेल तेथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्यावे. अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय वापरीत नसल्यास आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. गरजेच्या वेळी ते उघडता येते.

७. फसवणूक झाल्यास काय करावे

अशा वेळी लाजेपोटी किंवा घरच्यांच्या भीतीपोटी गप्प बसणे हेच सर्वांत मोठे नुकसान असते. चोर रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवितो. ती मध्येच गोठविता यावी यासाठी वेळ फार मोलाचा आहे. पुढील क्रमाने कामे करावीत.

(अ) मोबाईल विमान मोडवर टाकावा, म्हणजे त्याचा बाहेरचा संपर्क तुटतो.

(आ) दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

(इ) लगेच बँकेस कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यास चोरांनीच टाकलेला क्रमांक मिळण्याचा संभव असतो.

(ई) दुसऱ्या साधनावरून पासवर्ड बदलावेत. संशयित ॲप जाणकाराकडून काढून घ्यावे. ते निघत नसेल तर मोबाईल फॅक्टरी रीसेट करावा.

(उ) आलेले संदेश आणि क्रमांक पुसू नयेत. फॅक्टरी रीसेट करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून ठेवावीत. तपासात त्यांचा उपयोग होतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक तत्त्व घालून दिले. चूक ग्राहकाची नसेल व बँकेचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. ग्राहकानेच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळविण्यापूर्वी गेलेली रक्कम त्याची, कळविल्यानंतर जाणारी रक्कम बँकेची. यावरून लवकर कळविण्याचे महत्त्व लक्षात येईल.

सारांश

या आठवड्यात तीन कामे करावीत. शेतीच्या नोंदींची एक प्रत घराबाहेर ठेवावी, ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि १९३० हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये नोंदवावा. घरातील वडीलधारी मंडळी आणि शाळकरी मुले यांनाही ही माहिती वाचून दाखवावी, कारण घरातील एकच मोबाईल सर्व जण वापरतात आणि खात्याचा क्रमांकही त्याच मोबाईलला जोडलेला असतो.