औंढ्याची एक दिवसाची सहल आणि मुलांचा निबंध



चौथीच्या वर्गाला ‘आमची सहल’ हा निबंध दिला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. निम्मी लेकरं महाबळेश्वरला जातात. थंडगार हवा, निसर्गरम्य परिसर, स्ट्रॉबेरी, ‘सहल कधी संपली ते कळलेच नाही’. माझ्या वर्गातलं एकही लेकरू महाबळेश्वरला गेलेलं नाही. हे सगळं निबंधाच्या पुस्तकातलं. आमच्या शाळेपासून औंढा नागनाथ मात्र बारा किलोमीटरवर आहे, आणि तिथं सगळीच जाऊन आलेली आहेत. म्हणून मागच्या वर्षी फळ्यावर विषयच बदलून लिहिला: ‘औंढ्यातला एक दिवस’.

तासाच्या शेवटी एका मुलीची वही कोरी होती. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, आम्ही तिथं हिंडायला नाही जात. आम्ही गाडा लावतो.”

तिचं पुढं सांगते. आधी आमची सहल, कारण हा धडा तुम्हीही घरच्यांना घेऊन सहज करू शकता. आम्ही पाच जण हिंगोलीहून एसटीने निघालो. अंतर साधारण 25 किलोमीटर. गणित स्टँडवरच सुरू होतं. माझ्या मुलाला (वय 9) विचारलं, आपण पाच जण, तर तिकिटाचे पैसे किती जणांचे लागतील? सासूबाई 78 वर्षांच्या, म्हणजे आधार कार्ड दाखवलं की प्रवास मोफत. 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट, म्हणून माझं अर्धं. मुलाचं वय पाच ते बाराच्या मधलं, त्याचं अर्धं. धाकटी चार वर्षांची, तिला तिकीट नाही. यांचं पूर्ण. अर्धं, अर्धं आणि एक! पाच माणसं आणि दोनच तिकिटांचे पैसे, हे त्याला पटेना. कंडक्टरने तिकिटं फाडून हातात दिली, तेव्हा पटलं. अपूर्णांकाचा धडा मी वर्गात तीन दिवस शिकवते, इथं पाच मिनिटांत झाला.

मंदिरात गेल्यावर लगेच रांगेत उभं राहू नका. आधी लेकरांना घेऊन बाहेरून एक फेरी मारा आणि फक्त बघायला सांगा. खालचा भाग काळ्या दगडाचा, हेमाडपंती, यादवांच्या काळातला. त्यावर हत्ती, देव, नर्तकी कोरलेल्या. वरचं शिखर वेगळंच, पांढरं. ‘एकाच देवळाचे दोन रंग का?’ हा प्रश्न लेकरांनी स्वतः विचारेपर्यंत थांबा. मग सांगा की वरचा भाग नंतरच्या काळातला आहे, आणि जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलं जातं. इतिहासातल्या अहिल्याबाई इथं दगडाला चिकटलेल्या दिसतात.

दुसरा प्रश्न नंदीचा. शंकराच्या देवळात नंदी समोर असतो, इथं तो मागच्या बाजूला. का? संत नामदेवांना समोर भजन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका आहे. विसोबा खेचरांची गोष्टही इथलीच सांगतात. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा आणि त्यांचे पाय उचलून दुसरीकडे ठेवू पाहणारे नामदेव, ही गोष्ट सांगताना माझी धाकटीसुद्धा गप्प बसली.

इथं भाषेचा एक महत्त्वाचा धडा आहे. ‘नंदी मागे आहे’ हे आपण डोळ्यांनी बघितलं. ‘देऊळ फिरलं’ हे आपण ऐकलं. लिहिताना पहिल्या वाक्यात ‘आहे’ येईल, दुसऱ्यात ‘असे सांगतात’. चौथीच्या लेकरांना हा फरक नीट कळतो, आपणच तो शिकवत नाही. मुलानं लगेच परीक्षा घेतली. “आठवं ज्योतिर्लिंग इथंच आहे का? मोबाईलवर तर द्वारकेजवळ दाखवतंय.” आपल्याकडे औंढ्याला मानतात, गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराला मानतात, असं दोन्ही लिही म्हटलं.

गाभारा खाली आहे. पायऱ्या अरुंद, वाकून उतरावं लागतं. सासूबाई वरच सभामंडपात बसल्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे आधीच ठरवून ठेवा. आणि नामदेवांचं नर्सी त्याच दिवशी उरकायला बघू नका. ते हिंगोलीहून वेगळ्या रस्त्याला आहे, लेकरं दमतात.

आता खाऊ. दर्शन झालं की लेकरांचं खरं लक्ष बाहेरच्या रस्त्यावर असतं, आणि त्यात काही वाईट नाही. गोडीशेव, रेवड्या, फुटाणे, चिवडा, गरम भजी, उसाचा रस. मुलाच्या हातात 50 रुपये दिले आणि हिशोब लिहायला सांगितला. भजी 20, रस 20, रेवड्या 10, फुटाणे 10. बेरीज 60! मिळाले पन्नास आणि खर्च साठ कसा? डोकं खाजवून झालं, मग कळलं की आजीनं गुपचूप दहा रुपये दिले होते. वहीत ‘खर्च’ होता, ‘जमा’ नव्हतं. घरच्या सगळ्यांनी मिळून हसत हसत तो रकाना आखला.

त्या कोऱ्या वहीचं सांगायचं राहिलं. मी त्या मुलीला म्हटलं, तुझा औंढ्यातला दिवस लिही, गाड्यावरचा. तिला वाटत होतं की निबंधात गिऱ्हाइकाचीच बाजू असते. चूक तिची नव्हती, आपण तेवढंच शिकवतो. दुसऱ्या दिवशी तिनं दीड पान आणलं. श्रावणी सोमवारी लोकांना उपवास असतो, म्हणून सकाळी कांदाभजी खपत नाहीत. साबुदाणा वडा करायचा, त्याचा साबुदाणा आदल्या रात्री भिजवायचा. भजी संध्याकाळी, उपवास सुटल्यावर. शेंगदाण्याची टरफलं काढायचं काम तिचं. गाडा सोडता येत नाही, म्हणून देऊळ आतून तिनं एकदाच बघितलं आहे, असंही लिहिलं होतं.

शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या नंतर काढल्या. आधी तिला वर्गासमोर वाचायला लावलं. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, “पण किती साबुदाणा भिजवायचा ते रात्रीच कसं कळतं?”

ती म्हणाली, “पाऊस आला की गर्दी कमी. आई झोपायच्या आधी आभाळ बघती.”