आइस्क्रीम दुधाची जागा घेईल का?

प्रश्न : उन्हाळ्यात मुलगी दुधाला हात लावत नाही, आइस्क्रीम मात्र मागते. दुधाऐवजी चालेल?
– एक आई, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, दुधाऐवजी नको. १०० ग्रॅम साध्या व्हॅनिलात सुमारे २०० कॅलरी, ११ ग्रॅम स्निग्धांश, साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे! कॅल्शियम साधारण दुधाइतकंच. तेवढी जमेची बाजू. पण घुसळताना हवा भरल्याने १०० मिलिलिटरचा कप जेमतेम ५५-६० ग्रॅम भरतो.

वेष्टन नक्की वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात सहसा वनस्पतिजन्य तेल असतं. नुसत्या ‘आइस्क्रीम’मध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश बंधनकारक आहे. आठवड्यातून एखादा कप खुशाल द्या. एरवी घट्ट दह्यात मराठवाड्याच्या केसर आंब्याचा गर घालून गोठवा. वरून साखर नको.