परिक्रमेची झोळी : काय न्यावे, काय घरी ठेवावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या दत्तसंप्रदायाचे आणि नर्मदामाईचे नाते जुने आहे. प. पू. टेंबे स्वामी महाराजांनी १९१४ साली मैयाच्या तीरावर गरुडेश्वरी देह ठेवला. त्यामुळे कार्तिकी एकादशी झाली की आपल्यातले कितीतरी जण परिक्रमेला निघतात. हल्ली साठीच्या पुढचेही बरेच असतात. 'किती दिवस लागतात?' हा प्रश्न सगळे विचारतात. 'पाठीवर किती वजन घ्यायचे?' हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. खरे तर परिक्रमा पुरी होणार की गुडघे धरून मधूनच परत यावे लागणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

आधी हिशेब मांडू. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत मैयाची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरले तर २६०० किलोमीटरच्या वर चालणे होते. दिवसाला २० किलोमीटर धरा. दोन फुटांचे एक पाऊल, म्हणजे रोजची तीस हजारांवर पावले. झोळीत जास्तीचा एक किलो असेल तर तो तितक्या वेळा आपल्याबरोबर चालतो. चढ-उतारावर तो गुडघ्याला बरोबर कळतो.

साधा नियम असा, की आपल्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ओझे घेऊ नये. ६० किलोच्या माणसाला ६ किलो. यात सगळे बसते का? बसते. रिकामी सॅक १ किलो. पातळ ब्लँकेट किंवा हलकी स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरायला प्लास्टिकचा कागद मिळून सव्वा किलो. अंगावरचा सोडून कपड्यांचा एक जोड, पंचा, स्वेटर, कानटोपी सव्वा किलो. ताट-वाटी आणि कमंडलू अर्धा किलो. औषधे, साबण, टॉर्च, सुईदोरा, चार्जर, आधार कार्ड व परिक्रमेचे कागद पाऊण किलो. पूजेची मैयाच्या जलाची कुपी, उदबत्ती, छोटी पोथी पाव किलो. झाले ५ किलो. वर पिण्याचे पाणी १ लिटर, म्हणजे १ किलो. ताळा जमला!

मग ओझे १२-१५ किलोंवर जाते कसे? 'असू दे, लागलेच तर' या चार शब्दांमुळे. निघण्याच्या आठ दिवस आधी सगळे सामान सतरंजीवर मांडावे आणि तीन ढीग करावेत. रोज लागणारे, आठवड्यातून एकदा लागणारे आणि 'लागलेच तर' वाले. तिसरा ढीग कपाटात परत जावा. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला विचारावे, 'तू नसलीस तर माझे काय अडेल?' तिसरा जोड, मोठा टॉवेल, लाडू-चिवड्याचे डबे इथेच गळतात. वाटेत आश्रम आहेत, सदाव्रत आहे, गावागावांत 'नर्मदे हर' म्हणून हाक मारून चहा देणारी माणसे आहेत. कोणी प्रेमाने शाल दिली तर नाही म्हणू नये. घ्यावी आणि पुढे ज्याला थंडी वाजते त्याला द्यावी.

औषधांना मात्र ही कात्री लावू नका. बीपी, शुगर, हृदयाच्या गोळ्या निदान महिन्याच्या असाव्यात, कारण लहान गावांत आपलीच गोळी मिळेल असे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. शुगरवाल्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. गोळ्या घरी ठेवणे हे वैराग्य नव्हे.

आता एक नाजूक विषय. पुष्कळांना श्रीगुरुचरित्राची पोथी बरोबर हवी असते. पोथी जड, आणि तिच्या वाचनाचे सोवळे-नियम रोज बदलत्या मुक्कामी पाळणे कठीण. त्यापेक्षा पारायण निघण्यापूर्वी घरी करावे. वाटेत करुणात्रिपदी म्हणावी, नाम घ्यावे. जे मुखोद्गत आहे ते झोळीत भरावे लागत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यात एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटत असत. अंगावरच्या वस्त्रानिशी पुढे गेलेल्यांचीही परिक्रमा पुरी झालीच. 'लागलेच तर' वाला ढीग म्हणजे बहुधा आपली भीतीच असते. माई सांभाळील म्हणायचे आणि चार महिन्यांची तरतूद पाठीवर घ्यायची, हे जुळत नाही.

शेवटी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. कमरेचा पट्टा असलेलीच सॅक घ्यावी, म्हणजे भार खांद्यांवर न राहता कमरेवर येतो. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेर. चालून पाय सुजतात, म्हणून बूट किंचित सैल असावेत आणि घरीच वापरून मऊ करावेत. भरलेली सॅक घेऊन आठ-पंधरा दिवस रोज देवळापर्यंत चालून यावे. लोक हसले तर हसू देत. काय जास्त झाले ते पाठ स्वतःच सांगेल.

परिक्रमेला न जाणाऱ्यांनीही तीन ढिगांचा हा प्रयोग घरातल्या एका कपाटावर करून पाहावा. या वयात तोही उपयोगी पडतो.

नर्मदे हर! अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!