एकसरचे वीरगळ वाचताना

इतिहास हा पाठ करावयाचा विषय, अशी माझी समजूत प्रथम वर्षापर्यंत पक्की होती. उत्तर कोकणच्या शिलाहारांना तर मी दोन ओळींतच उरकले होते. यंदा आमच्या सरांनी ते प्रकरण वर्गात काढलेच नाही. कागद, पेन्सिल, टेप व बॅटरी घेऊन आम्हां चौघींना एके सकाळी एकसरला बोलावले.

एकसर बोरीवली स्टेशनच्या वायव्येस सुमारे मैलावर आहे. येथील सहा वीरगळ प्रसिद्ध आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांचे वर्णन आहे. तेव्हा ते आंबराईत, तळ्याच्या काठी एका ओळीत उभे होते. त्यांतील चार सुमारे दहा फूट उंच. आंबराई गेली, आता चहूकडे वस्ती आहे.

पुस्तक मिटून, दिसेल तेवढेच लिहा, असे सरांनी सांगितले. मी वर्तमानपत्र वाचावे तशी वरून सुरुवात केली. कैलासावर शिवपूजा, मग अप्सरा, शेवटी लढाई! म्हणजे आमचा वीर आधी स्वर्गात गेला आणि नंतर मेला. सर हसले. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो, हे ज्ञान असे पदरात पडले व ते आता जन्मभर विसरणार नाही.

एका शिळेवर खालच्या पट्टीत पाच गलबते आहेत. वल्ही मोजताना आम्हां चौघींचे चार आकडे आले, इतका दगड झिजला आहे. बॅटरी बाजूने आडवी धरली तेव्हा सावल्या पडून रेषा उठून दिसू लागल्या. गॅझेटियरमध्ये प्रत्येक बाजूस नऊ वल्ही नोंदली आहेत. जुने वर्णन का जपावे, हे तेव्हा कळले.

मात्र दगड सर्व काही सांगत नाही. ही लढाई कोणती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी ती अकराव्या शतकात नेतात. पुष्कळजण मात्र १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेली मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून समजते. पण हेमाद्री महादेवाचाच मंत्री! जेत्याच्या पदरी असलेल्या माणसाचा शब्द आणि मुका दगड, दोन्ही समोर ठेवून तोलावे लागतात. पाठांतराने हे कसे जमावे?

आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे असाच एक दगड आहे. आजी त्याला ‘वीर’ म्हणते व पाणी घालते. मी त्याला देव समजत होते. दिवाळीच्या सुट्टीत बॅटरी घेऊन त्याच्यापुढे बसले आणि खालून वाचू लागले. खालच्या पट्टीत गाई कोरल्या आहेत. गुरे पळवणाऱ्यांशी लढून पडलेल्या वीरांच्या शिळांवर अशा गाई असतात. आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “मग आपल्याच गावचा असंल की गं तो!”